ऐकीव ड्रॅक्युला : कुठे टरकलात, कुठे हसलात?

परवा ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' कानांनी संपवला. १८९७ सालचं पुस्तक, पूर्ण वाचन १५ तासांच्या वर. सगळी गोष्ट रोजनिशा, पत्रं आणि तारांमधून उलगडते, त्यामुळे हेडफोन लावला की कुणीतरी आपली खासगी वही हळूच वाचून दाखवतंय असं वाटतं. वकील हार्कर रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाच्या वाड्यात पाहुणा, दाढी करतोय, खांद्यावर हात पडतो, आरशात मात्र कुणीच नाही... नेमका तेव्हा मीही बेसिनपाशी, गालाला फेस. मागे बायको टॉवेल घेऊन उभी. ओरडलो ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं म्हणे.

आणि हसूही तिथलंच. एवढा सरदार, पण वाड्यात एक गडी नाही! हार्कर दाराच्या फटीतून बघतो तर काउंटसाहेब स्वतः टेबल मांडतायत. अंथरूणही तेच घालतात.

तुमचेही किस्से येऊ द्या.

*

मी पोळ्या लाटताना ऐकते. सुरुवातीलाच हार्कर तिखट कोंबडी खातो आणि होणाऱ्या बायकोसाठी, मीनासाठी, कृती मागून घ्यायची, असं टिपून ठेवतो. म्हटलं, भयकथाच लावलीय ना मी? मग काउंट भिंतीवरून डोकं खाली करून उतरतो, पालीसारखा. आमच्या ओट्यामागे एक पाल कायमची वस्तीला आहे. आधी झाडूने हाकलायचे, आता "बसा तुम्ही" म्हणते.

*

वेड्यांच्या इस्पितळातला रेनफिल्ड माश्या कोळ्यांना घालतो, कोळी चिमण्यांना, मग मांजर मागतो. ते मिळत नाही तर चिमण्या स्वतःच! हे ऐकत असताना लोकलमध्ये शेजारणीने चिवड्याची पुडी पुढे केली. नको म्हटलं.

*

पुस्तक हातात असलं की भीती वाटल्यावर नजर चार ओळी पुढे टाकता येते, काय वाढून ठेवलंय ते कळतं. कानाला ती सोय नाही. वाचणारा थांबला की आपणही थांबायचं. ड्रॅक्युलाला इंग्लंडला नेणाऱ्या 'डिमीटर' जहाजाच्या नोंदी मी रात्री एकटा खंबाटकी चढताना ऐकल्या. एकेक खलाशी नाहीसा होतोय आणि कप्तान लिहीतच राहतो. बंद केलं. तर गाडीतली शांतता त्याहून वाईट, सारखं मागच्या सीटकडे लक्ष. परत लावलं. जहाज व्हिटबीच्या बंदरात येतं तेव्हा कप्तान सुकाणूला बांधलेला, मेलेला. साताऱ्यापर्यंत आतला दिवा लावून गाडी चालवली.

*

ड्रॅक्युलाच्या मागावरच्या प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगबद्दल कुणीच बोलत नाही? त्याचं तोडकंमोडकं इंग्रजी आणि ती लांबलचक भाषणं! मी दोनदा झोपले. जाग आली तर भलताच माणूस बोलतोय आणि मागची जागा काही केल्या सापडेना. गंमत म्हणजे कादंबरीतल्या डॉक्टर सीवर्डची हीच रड. तो रोजनिशी फोनोग्राफच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो, आणि हवा तो भाग शोधायचा कसा, हे महिनोन्महिने त्याच्या ध्यानातच येत नाही. शेवटी मीना सगळं टाइप करून देते. मी कुठून आणू मीना? हल्ली १५ मिनिटांचा टायमर लावून झोपते.