यार्डातले डिझेल ट्रॅक्टर बॅटरीवर न्यायचे, सुरुवात कुठून करू?

मी कंटेनर यार्डात देखभाल पाहतो. टर्मिनल ट्रॅक्टर (यार्डात कंटेनरचे ट्रेलर ओढणारे) क्रेनखाली रांगेत उभे राहतात, तरी इंजिन चालूच. पाळी संपेपर्यंत घशात धूर बसलेला असतो. बॅटरीवरचे यावेत असं मनापासून वाटतं. पण २४ तासांच्या कामात चार्जिंग कधी?

उत्तर १: जेवणाच्या सुट्टीत, पाळी बदलताना, थोडं थोडं. सगळे एकदम जोडलेत तर ट्रान्सफॉर्मरवर ताण येईल. आधी वीजजोडणीचा मंजूर भार बघा, गाड्या नंतर.

उत्तर २: आरटीजी क्रेनही (रबरी चाकांवर फिरून कंटेनर रचणारी) धरा. कंटेनर खाली उतरताना मोटरच जनरेटर होते, ती वीज बॅटरीत साठवता येते. डिझेलवरच्या क्रेनमध्ये ती उष्णता होऊन वाया जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्नकर्ता: आणि रीच स्टॅकर, तो लांब हाताने कंटेनर उचलणारा?

उत्तर १: तो शेवटी. सततची जड उचल, बॅटरी झपाट्याने उतरते.