मदत हवी आहे: टाचेमागची शीर दुखतेय, पळणं थांबवू का?

नमस्कार. मी पुण्यात राहते, वय ४४. सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलंय. यवतेश्वरचा घाट चढायचा म्हणून सिंहगडाच्या रस्त्यावर चढाचा सराव वाढवला आणि तेव्हापासून उजव्या टाचेच्या वर, मागच्या बाजूला, साधारण तीन बोटांवर दुखतंय. सकाळी उठल्यावर पहिली पावलं लंगडत टाकावी लागतात, मग पाय मोकळा होतो. पळताना सुरुवातीला ठणकतं, अंग तापलं की थांबतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी जास्त दुखतं. शीर चिमटीत धरली तर डावीपेक्षा जाड लागते आणि कळ येते. मधे पळणं पूर्ण बंद ठेवलं, बरं वाटलं, पुन्हा सुरू केलं तसं दुखणं हजर.

पळणाऱ्या मैत्रिणींपैकी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन घे म्हणतं, कुणी तेल लावून जोरात रगड म्हणतं. शीर तुटण्याची ही सुरुवात आहे का? एमआरआय लागेल का? घरात फरशीवर अनवाणी चालू की नको? मोहम्मद शमीचं याच शिरेचं ऑपरेशन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं आणि रणजी खेळायला नोव्हेंबर उजाडला, हे आठवून धास्ती वाटते. ही स्पर्धा सोडायची तयारी आहे, पळणं सोडायची नाही.

प्रतिसाद १
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण हे वर्णन अकिलीस टेंडिनोपथीचं वाटतं. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ही शीर ताण अचानक वाढला की कुरकुरते. निव्वळ विश्रांतीने दुखणं शमतं, पण शिरेची ताकद वाढत नाही, म्हणून ते परत येतं. तिला हळूहळू भार पेलायला शिकवणं हाच मुख्य उपचार.

स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम आम्ही आजही देतो. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, कठडा धरायचा. दोन्ही पायांनी टाचा वर, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली. १५ वेळा, अशा ३ खेपा गुडघा सरळ ठेवून आणि ३ किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळचा ताठरपणा वाढला तर प्रमाण कमी करा. दुखणं अगदी हाडाला चिकटून असेल तर मात्र टाच जमिनीच्या पातळीखाली नेऊ नका आणि उकिडवं बसणं टाळा.

चढ सध्या बंद, सपाटीवर थोडं पळा किंवा सायकल चालवा. घरात थोडी उंच टाचेची चप्पल घाला. एमआरआय बहुतेकदा लागत नाही, शंका आली तर सोनोग्राफी पुरते. शिरेत स्टेरॉइड घेऊ नका, त्याने ती तुटण्याचा धोका वाढतो. रगडणंही नको.

आणि एक विचारायचंय: अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेवोफ्लॉक्सासिन घेतलं होतं का? या गटातल्या अँटिबायोटिकने ही शीर दुखावू शकते, तुटूही शकते.

प्रतिसाद २
तुटणं वेगळंच असतं. माझ्या मेहुण्यांना बॅडमिंटन खेळताना मागून कुणीतरी रॅकेट मारल्यासारखं वाटलं, वळून बघितलं तर कुणीच नाही. लंगडत का होईना, चालता येत होतं, म्हणून मुरगळलंय समजून क्रेप बँडेज बांधलं गेलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली. शीर शाबूत असली की पाऊल आपोआप खाली वाकतं, त्यांचं हललंच नाही. तोवर उशीर झाला होता, ऑपरेशन मोठं झालं. असा फटका बसला किंवा एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. चवड्यावर उभी राहू शकते, दुखतं एवढंच. पण जुनी फाइल काढली तर लघवीच्या संसर्गासाठी दिलेल्या चिठ्ठीत लेवोफ्लॉक्सासिन आहे, दुखणं सुरू व्हायच्या थोडं आधीचं. आता गोळ्या चालू नाहीत. उद्या चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जातेय. तोवर पायरीवरचा व्यायाम सुरू करू की थांबू?

प्रतिसाद १
थांबा. हे औषध मधे आल्यामुळे आधी तपासून घ्या, पळणंही तोवर नको. आणि हे औषध तुम्हाला पुन्हा देऊ नये, असं फाइलच्या पहिल्या पानावर लिहायला सांगा.