सिस्टिम क्यू उडाल्या तरी क्यू मॅनेजर पाडू नका

आयबीएम एमक्यू (प्रोग्राम्समध्ये मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर) मधल्या सिस्टिम क्यू, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कामाच्या मेसेज-रांगा, डिलीट झाल्या तर काय करायचं, या प्रश्नावर कुणीतरी क्यू मॅनेजर (या सगळ्या क्यू सांभाळणारा भाग) डिलीट करून नवा बांधायचा सल्ला दिलाय. कृपया तसं करू नका, तुमच्या क्यूंमधले मेसेजही जातील. आयबीएम एमक्यूमध्ये क्यू मॅनेजर थांबवून 'एसटीआरएमक्यूएम -सी' ही कमांड चालवा. क्यू मॅनेजर सुरू होतो, सगळे सिस्टिम ऑब्जेक्ट (सिस्टिम क्यू वगैरे) नव्याने बनवतो आणि आपोआप बंद पडतो. मग नेहमीसारखा सुरू करायचा. मात्र सिस्टिम ऑब्जेक्टमधले तुमचे बदल मूळ डीफॉल्ट मूल्यांवर जातात, म्हणून आधी 'डीएमपीएमक्यूसीएफजी' कमांडने कॉन्फिगरेशन काढून ठेवाच.

खरी डोकेदुखी 'सिस्टिम.चॅनल.सिंकक्यू'ची. दोन क्यू मॅनेजरांना जोडणाऱ्या चॅनलवर कितव्या क्रमांकापर्यंत मेसेज गेले, याची नोंद या क्यूत असते. ती परत येते, पण रिकामी. मग चॅनलच्या दोन्ही टोकांचे मेसेज-क्रमांक जुळत नाहीत, लॉगमध्ये 'एएमक्यू९५२६' हा एरर दिसतो. सेंडर बाजूने 'रिसेट चॅनल' कमांड द्या, आणि क्यू उडाली तेव्हा अर्धवट राहिलेल्या बॅचमधले मेसेज पलीकडे दोनदा गेले नाहीत ना, हे समोरच्या टीमकडून तपासून घ्या.