'नाइस' लिहायला बंदी कशासाठी?

कोरा कागद
भाचीची इंग्रजी निबंधाची वही काल हाती लागली. 'नाइस' पाच ठिकाणी, पाचही ठिकाणी लाल रेघ. समासात शेरा: हा शब्द वापरू नये. मागच्या पानावर पर्यायी शब्दांची यादी चिकटवलेली: प्लेझंट, चार्मिंग, डिलाइटफुल, अग्रीएबल, एक्स्क्विझिट. पोरीने इमानेइतबारे शब्द बदलले. आता तिच्या निबंधात बसमध्ये जागा देणारे आजोबा 'एक्स्क्विझिट' झालेत. म्हणजे नाजूक कोरीवकाम केलेले वगैरे.

माझं म्हणणं असं की हा शब्द गुळगुळीत आहे म्हणूनच कामाचा आहे. 'नाइस ट्राय' मध्ये यादीतला कुठलाही शब्द घालून बघा. 'प्लेझंट ट्राय'? 'नाइस अँड वॉर्म' मध्ये तर त्याचा अर्थ 'चांगलं' असाही नाही, आपल्या 'मस्तपैकी उबदार' मधलं 'मस्तपैकी' आहे ते. जो शब्द ज्यांची ती भाषा आहे ते लोक दिवसभर बोलतात, तो मुलांनी लिहायचाच नाही, हे कुठलं शिक्षण?

खडूपाटी
बंदी घालणाऱ्यांपैकीच मी एक, तेव्हा बोलणं भाग आहे. एकदा चाळीस वह्या तपासून बघा. 'वी वेंट टु अ नाइस प्लेस. द पीपल वेअर नाइस. वी हॅड अ नाइस टाइम.' ती जागा डोंगरावर होती की तळ्याकाठी? माणसं हसतमुख होती की नुसती भांडली नाहीत? काही कळत नाही, कारण लिहिणाऱ्यानेही ते आठवून पाहिलेलं नसतं. शब्द काढून घेतला की मूल थांबतं आणि आठवायला लागतं. बोलताना चेहरा असतो, आवाज असतो, 'नाइस' ला तिथे आधार मिळतो. कागदावर तो उघडा पडतो.

यादी चिकटवणं चूक, हे मात्र मान्य. आजोबांबद्दल वाईट वाटलं.

शंकासुर
मुळात त्या शब्दाचा अर्थ 'मूर्ख' होता ना? मग बंदी योग्यच. 😄

अर्धविराम
होता खरा. लॅटिनमध्ये 'नेस्कियस' म्हणजे न जाणणारा, अजाण. त्यातलं 'जाणणे' हे क्रियापद तेच, ज्याच्यातून 'सायन्स' आला. म्हणजे नाइस आणि सायन्स एकाच घरातले, एक जाणता, एक अजाण. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा 'नाइस' म्हणजे खुळा. मग लाजरा, मग चोखंदळ, मग बारकाईचा, आणि 'छान' हा अर्थ रुळला अठराव्या शतकात. 'सिली' नेमका उलट्या वाटेने गेला: आधी धन्य, पुण्यवान, मग भोळा, मग बिचारा, शेवटी मूर्ख.

पण मूळ अर्थ काढून शब्दाला दोषी ठरवायचं असेल तर आधी घर बघा. संस्कृतात 'घृणा' म्हणजे दयासुद्धा. मराठीत उरली ती किळस. मात्र 'निर्घृण खून' म्हणताना जुना अर्थ अजून जिवंत आहे: ज्यात दया नाही असा. आपण रोज वाचतो आणि लक्षातही येत नाही. इंग्रजीत 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणतात तिथेही तसंच, तो 'छान फरक' नव्हे, सूक्ष्म फरक. हे भाषांतरात चुकलेलं मी स्वतः छापून आणलं आहे, असो.

कोरा कागद
खडूपाटी, बोलणं आणि लिहिणं वेगळं, हे पटलं. पण तुमच्या त्या तीन वाक्यांवर औषध पर्यायी शब्द नाहीच. 'वी वेंट टु अ चार्मिंग प्लेस' लिहिलं तरी डोंगर की तळं हे कळलं का? शब्द महाग झाला, माहिती तेवढीच. तिथे विशेषण खोडून तळं लिहायला सांगा की.

आणि समानार्थी म्हणजे तरी काय? 'अग्रीएबल' चा दुसरा अर्थ 'राजी'. 'काइंड' आणि 'नाइस' यांतही अंतर आहे. नाइस माणूस तुमच्याशी गोड बोलेल. काइंड माणूस वेळप्रसंगी कडू बोलेल, पण रात्री दोन वाजता उठून येईल.

खडूपाटी
तळं लिहायला सांगायचं तर आधी 'नाइस' काढून घ्यावाच लागतो हो. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

पाणउतारा
यादीवर सगळे तुटून पडलात म्हणून एक शब्द तिच्या बाजूने. पीटर मार्क रोजे नावाचे डॉक्टर होते. त्यांनी 1805 मध्ये स्वतःपुरती अशी शब्दसूची केली आणि 1852 मध्ये ती छापली. ती वर्णानुक्रमे नाही, कल्पनांप्रमाणे लावलेली. कोशात शब्दावरून अर्थ शोधतो, इथे उलट: मनात अर्थ तयार आहे, शब्द जिभेवर येत नाही, तेव्हा ती उघडायची. म्हणजे यादीतला प्रत्येक शब्द आधी ओळखीचा हवा. अनोळखी शब्दांतून चिठ्ठी उचलल्यासारखा एक उचलला की आजोबा एक्स्क्विझिट होणारच. दोष यादीचा नाही.

शंकासुर
मग 'बरं' चं काय करायचं? 'नाटक कसं होतं?' 'बरं होतं.' म्हणजे पडलंच. 'आता बरं वाटतंय' म्हणजे सुधारलं. 'बरं, निघतो' म्हणजे काहीच नाही. 'नाइस' पण असाच ना? 'हाऊ वॉज इट?' ला क्षणभर थांबून 'नाइस...' म्हटलं की समजायचं.

अर्धविराम
हो, आणि ते थांबणं लिहिता येत नाही. या एका मुद्द्यावर मी खडूपाटींकडे.

कोरा कागद
मी नाही. पण भाचीला आजोबांच्या वाक्याबद्दल आज विचारलं. म्हणाली, ते स्वतः काठी टेकत होते, तरी उठले. हे निबंधात का नाही लिहिलंस, तर म्हणे, 'टेकत' ला इंग्रजी शब्द आठवला नाही, म्हणून 'नाइस' लिहिलं. सांगा आता, रेघ कशाखाली मारायची?