परिचारिका वाढवायच्या, की आहेत त्यांचे कौशल्य जपायचे?

फोंडेकर ताई: वॉर्डातले काम ढासळले की "स्टाफ कमी" एवढेच कारण ऐकू येते. इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेय, मला हे पुरेसे वाटत नाही. नवजात अतिदक्षता विभागात घडलेली मुलगी बदलीच्या यादीत ओपीडीत जाते आणि तिच्या जागी व्हेंटिलेटरला कधी हात न लावलेली येते. कागदावर मात्र एक स्टाफ नर्स गेली, एक आली. कोणाला काय येते याची नोंद बघूनच बदली का होऊ नये? बाळांच्या जिवाचा प्रश्न आहे.

डिचोलीकर: ताई, नाही पटले. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १, इतरत्र ५ मागे १ परिचारिका. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीवर असला की कौशल्य वापरणार कधी? बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला तर सिंधुदुर्ग, कारवारहूनही रुग्ण येतात.

मडगावकर: 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली युरोपातल्या ९ देशांचा अभ्यास आला होता. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की तेवढीच कमी. तुमचे दोघांचेही त्यात आले.

डिचोलीकर: पदवी म्हणजे कौशल्य नव्हे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविकाच झालेल्या कितीतरी सिस्टर नव्या डॉक्टरांना शीर शोधून देतात. आणि कौशल्य तपासणार कोण? कंत्राटी मुलीला मूल्यमापन म्हटले की पुढच्या वर्षी ठेवतात की काढतात हीच धास्ती. "मला हे जमत नाही, शिकवा" असे ती कशाला सांगेल? मग चूक झाकली जाते आणि भोगतो रुग्ण.

फोंडेकर ताई: ही धास्ती खरी आहे. पण म्हणून मूल्यमापनच नको, हे मान्य नाही. इंग्लंडमधल्या ६१ रुग्णालयांच्या २००२ मधल्या अभ्यासात जिथे मूल्यमापनाची पद्धत चांगली, तिथे मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. प्रशिक्षण आणि एकत्र काम करण्याची पद्धतही त्यात मोजली होती. आपल्याकडे वर्षअखेरीला गोपनीय अहवाल भरला की संपले! मूल्यमापन कंत्राटाच्या नूतनीकरणापासून तोडा. उणीव दिसली तर महिनाभर जाणत्या सिस्टरबरोबर ड्युटी लावा.

डिचोलीकर: लावा ना. पण त्या जाणत्या सिस्टरचे रुग्ण त्या महिन्यात कोण बघणार, तेही रोस्टरमध्ये लिहा.