पैठणीला पर्यटकानं तारलं की मारलं? (कालच्या लेखाखाली टोपणनावांनी झालेली चर्चा)

धोटा: कालच्या लेखात ठासून लिहिलंय की पर्यटक आणि मोबाइल आले म्हणून पैठणी विणणारं येवला जगलं आणि यंत्रमागामुळे पैठणी सामान्य घरात पोचली. उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. घराघरात पोचलं ते पैठणीचं नुसतं चित्र, पैठणी नव्हे. हातमागावर पदरातल्या प्रत्येक रंगाला वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, असते. बांगडी मोर (बांगडीच्या गोलातला मोर) काढताना विणकर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजतो, तेवढ्याच धाग्यांतून तिल्ली फिरवतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि मागे वळवतो. म्हणून पदर उलटा केला तरी मोर तसाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागाच्या जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप काढणाऱ्या यंत्रणेवर, नक्षीचा धागा मागून आडवा धावतो आणि मग तो कातरतात. कातरलेली टोकं बांगडीत, अंगठीत अडकून निघतात आणि काही नेसण्यांतच मोराची मान विरते.

येवल्याची: तिल्लीबद्दल एक अक्षर खोडणार नाही. पण शिर्डी इथून तासाभराच्याही आत आहे. साईदर्शनाची गर्दी नसती तर लग्नसराई संपल्यावर इथले माग कशावर चालले असते, ते सांगा. आणि तंत्रज्ञान म्हणजे फक्त यंत्रमाग नव्हे. आज विणकर मागावरच्या पदराचा व्हिडिओ थेट गिऱ्हाइकाला पाठवतो, आगाऊ रक्कम घेतो, रंग ठरवून मगच ताणा भरतो. पूर्वी रेशीम व्यापाऱ्याचं, जरीचा धागाही व्यापाऱ्याचा, विणकराला फक्त मजुरी. ही सुटका तुम्हाला दिसत नाही?

धोटा: दिसते. पण ती मोजक्यांची. गणित बघा. ६ मीटर साडी, इंचाला ८० बाणे (आडवे धागे) धरले तर सुमारे १९ हजार बाणे. मिनिटाला २०० बाणे टाकणारा रेपिअर माग (वेगवान यंत्रमाग) ते दीड-दोन तासांत संपवतो. हातमागावर साधा पदर असला तरी महिना जातो, ब्रोकेडला, म्हणजे भरगच्च नक्षीच्या पैठणीला, कित्येक महिने. दुकानात दोन्ही एकाच कपाटात, एकाच नावानं. प्रवाशाकडे अर्धा तास आणि गाडीवाल्याचं कमिशन आधीच किमतीत धरलेलं. तो कुठली उचलणार?

जरतार: कमिशनचं बोललात तेच बरं झालं. खरी लूट मात्र जरीत आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. अस्सल जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत तांब्याची तार, वर चांदीचा थर. तिसरी निव्वळ पॉलिएस्टरची. टेस्टेड जर दमट कपाटात काळवंडते. प्लास्टिकची काळी पडत नाही, म्हणून विक्रेता ‘गॅरंटीची जर’ म्हणतो आणि गिऱ्हाईक खूश! काठाच्या आतून दोन-तीन तार ओढून जाळा. पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते.

येवल्याची: दुकानात कोण काडी ओढू देणार? काहीतरी जमण्यासारखं सांगा.

जरतार: जमण्यासारखंच सांगतोय. बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम, जरीचा प्रकार’ हे तिन्ही लिहून मागा. नुसतं ‘पैठणी’ लिहून देणाऱ्याकडून घेऊ नका. आणि सिल्क मार्क रेशमाची खात्री देतो, हातमागाची नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो लागतो. हे दहा वेळा सांगूनही लोक तेच लेबल दाखवतात!

कायदेपंडित: तुम्ही सगळे गिऱ्हाइकावर ओझं टाकताय. काही कापडं फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आहे, १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो ग्राह्य धरलाय. जादा ताण्या-बाण्याची नक्षी असलेली रेशमी साडी त्या यादीत येते. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे. यंत्रमागांवर धाडी घाला, प्रश्न मिटला.

येवल्याची: धाडी घाला म्हणे! येवल्यात एकाच घरात पुढे हातमाग आणि मागच्या खोलीत यंत्रमाग असतो. म्हातारा एकावर, मुलगा दुसऱ्यावर. तुमच्या धाडीनं मुलगा पदर शिकणार नाही, गाव सोडेल. कायद्याची पानं फडकवण्याआधी एकदा त्या खोलीत उभे राहा.

कायदेपंडित: भावनेवर कायदा चालत नाही.

धोटा: पोटही कलमांवर भरत नाही. इथे मी येवल्याच्या ताईंच्या बाजूनं, नाइलाजानं का होईना. यंत्रमाग चालू द्या, पण त्या साडीच्या काठावरच ‘यंत्रमाग’ विणलेलं हवं. जॅकार्डला चार अक्षरं जड नाहीत. चिकटवलेलं लेबल दुकानाच्या दारात निघतं, काठात विणलेलं निघत नाही.

येवल्याची: हे मान्य. फक्त शिर्डीच्या गर्दीला शिव्या देणं थांबवा. तीच गर्दी मागापाशी नेऊन दहा मिनिटं तिल्ली फिरताना दाखवली की किंमत का जास्त ते लोकांना आपोआप कळतं, घासाघीसही कमी होते.

जरतार: दाखवा, पण त्या मागावर जर कुठली चढवलीय तेही सांगा. मागाला हातमाग म्हणून किंमत लावायची आणि आत पॉलिएस्टर भरायचं, हेही चालतं. त्यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.