जुन्या मोटरहोममधल्या हात न पोचणाऱ्या फटी कशा बुजवायच्या?

मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही इंग्लंडात, लीड्सजवळ राहतो. गेल्या वर्षी हौसेने १९९८ची मोटरहोम (आत पलंग-शेगडी असलेली, राहण्याची गाडी) घेतली. लाकडी चौकट, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये थर्माकोल. पोरं खूश, खिसा रिकामा. या हिवाळ्यात मागच्या वरच्या कपाटात कुबट वास यायला लागला. उसन्या मीटरने तिथे २३ टक्के ओल दाखवली, बाकी भिंतींत १२-१४.

टपाच्या कडेच्या पट्टीचं सीलंट तडकलंय, ते शिडीवरून करता येईल. खरी डोकेदुखी पाण्याच्या टाकीमागे आहे. तिथे जमिनीतून वायरी-नळ्या खाली जातात, भोवती बोटभर फट. माझा हात मनगटापर्यंतच जातो. टाकी काढायची तर पलंग उचकटावा लागेल. एका गॅरेजवाल्याने ४०० पौंड सांगितले, माझ्याकडे फार तर ६० आहेत.

फटीत फुगणारा फोम मारून मोकळी होऊ का? बाबा पुण्याहून एम-सील घेऊन आलेत आणि रोज विचारतात, "लावू का?"

खटारावाला:
एम-सील नको. ते दगडासारखं कडक होतं आणि चालती गाडी सारखी हलते, कडेने सुटणारच. फोमही नको, पुढे दुरुस्तीच्या वेळी तो खरवडताना रडाल.

आधी बघा, ते भोक मुद्दाम ठेवलेलं तर नाही ना? शेगडीखाली, गॅसच्या कप्प्यात अशी भोकं असतात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तिथूनच खाली जातो. ती कितीही गार वारा आला तरी बुजवायची नाहीत.

टाकीमागे ब्यूटाइलची पट्टी (मऊच राहणारी, रबरासारखी चिकट) वापरा. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली की हाताला कमी चिकटते. वळकटी करून लाटण्याच्या टोकाने ठासा.

ओलीला वैतागलेली:
ओल वरच्या कपाटात आहे ना? मग पाणी टपाच्या पट्टीतूनच येत असणार, आधी ती करा. सिलिकॉन मुळीच नको, नंतर त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. जुनं खरवडून सिकाफ्लेक्स ५१२ हे लवचिक सीलंट लावा. केसाएवढ्या भेगांना कॅप्टन टॉलीज नावाचं सीलंट, ते दुधासारखं पातळ असतं, भेगेत आपोआप ओढलं जातं. पण आधी आतलं लाकूड वाळवा, नाहीतर ओल आतच कोंडून कुजेल.

आणि रात्री टाकीच्या कप्प्यात टॉर्च लावून गाडीखाली बघा. उजेड दिसेल तिथे फट. (जॅकवर चढवून नाही हं!)

धागाकर्ती:
काल पाहिलं. टाकीमागच्या फटीला खालून हात आरामात पोचतो! महिनाभर उगाच वरून झटत होते. शेगडीखालच्या भोकात मात्र चिंधी सापडली. गार वारा येतो म्हणून डिसेंबरात मीच कोंबली होती. लगेच काढली.

पट्टी मागवलीय. बाबांना एम-सीलसकट घरातल्या सिंकखाली बसवलंय.